अमीर अब्दुल कादिर : पंधरा वर्षांची लढाई आणि त्यानंतरचं आयुष्य

ग्यारवी शरीफ आली की आपल्या मोहल्ल्यांत देग चढते, आणि हजरत शेख अब्दुल कादिर जीलानी (रह.) यांचं नाव लहान पोरांच्याही तोंडी येतं. त्यांच्याच नावावरून नाव ठेवलेला एखादा कादिर, एखादा अब्दुल कादिर प्रत्येक खानदानात सापडतोच. आज आम्ही ज्यांच्याबद्दल लिहितोय तेही असेच एक अब्दुल कादिर. कादरी सिलसिल्याच्या खानकाहत १८०८ साली अल्जीरियात जन्मलेले. पण त्यांची ओळख आपल्याकडे जवळजवळ नाहीच. टिपू सुलतान आपल्याला माहीत आहेत, अशफाकउल्ला खान माहीत आहेत, ओमर मुख्तार सिनेमामुळे माहीत झाले. ज्या माणसाने फ्रान्ससारख्या बलाढ्य सत्तेला पंधरा वर्षं झुंजवलं, त्याच्या वाट्याला मात्र आपल्या पुस्तकांत चार ओळीही येत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर त्यांची गोष्ट सरळ नाही. ते शहीद झाले नाहीत. त्यांनी तलवार खाली ठेवली. पुढे ज्यांच्याशी लढले त्यांच्याचकडून त्यांना वर्षासन मिळालं. म्हणून काहींना ते अडचणीचे वाटतात. आम्हाला वाटतं, नेमकं म्हणूनच त्यांचं आयुष्य नीट समजून घ्यायला हवं.

अल्जीरियाच्या पश्चिम भागात मस्करा नावाचं शहर आहे. त्याच्या जवळ गेतना या वस्तीत त्यांचे वालिद सिदी मुहियुद्दीन यांची खानकाह होती. मदरसा, पुस्तकं, मुसाफिरांसाठी जेवण, टोळ्यांच्या भांडणांचा निवाडा, सगळं तिथेच. आई लल्ला जोहरा स्वतः शिकलेल्या होत्या, आणि मुलाच्या शिक्षणाची सुरुवात त्यांच्याच हाताखाली झाली. मुलगा किशोरवयातच हाफिज झाला. घोडेस्वारीत त्याची बरोबरी करणारा त्या भागात कुणी नव्हता, असं सगळेच लिहितात. हे दोन्ही गुण एकाच मुलात असणं तिथे फार नवलाचं नव्हतं. खानकाहच्या मुलाला मसनदही सांभाळायची असे आणि घोडाही.

१८२५ साली बाप-लेक हजला निघाले. वाटेत ओरानच्या तुर्की बेने त्यांना बराच काळ नजरकैदेत ठेवलं, कारण एवढे मुरीद असलेला पीर त्याला धोक्याचा वाटला. सुटका झाल्यावर मग ट्युनिस, अलेक्झांड्रिया, काहिरा, मक्का, मदिना, दमास्कस आणि बगदाद. बगदादला हजरत जीलानींच्या मजारवर हाजिरी दिली. इजिप्तमध्ये मुहम्मद अली पाशाने उभं केलेलं नव्या पद्धतीचं सैन्य आणि कारखाने या तरुणाने डोळ्यांनी पाहिले. ते त्याच्या मनात राहून गेलं असावं, कारण पुढे त्याने जे उभं केलं त्यात त्याची छाप दिसते.

ते परतले आणि दोनेक वर्षांतच फ्रेंच आले.

फ्रेंच येण्याचं कारण मोठं मजेशीर सांगितलं जातं. फ्रान्सने आपल्या क्रांतीच्या काळात अल्जीरियातून गहू उधार घेतला होता. त्याचे पैसे वर्षानुवर्षं थकले होते. १८२७ मध्ये अल्जीयर्सचा शासक हुसेन डे याने फ्रेंच वकिलाला त्याबद्दल विचारलं. वकिलाने उडवाउडवीचं उत्तर दिलं, तेव्हा चिडून डेने हातातला माश्या हाकायचा पंखा त्याला मारला. झालं! कर्ज बुडवणाऱ्याचाच अपमान झाला. तीन वर्षं समुद्रातून नाकेबंदी, आणि १४ जून १८३० रोजी सुमारे ३७ हजारांचं सैन्य अल्जीयर्सजवळच्या किनाऱ्यावर उतरलं. ५ जुलैला शहर पडलं, खजिना लुटला गेला. आपल्याकडे तेव्हा पेशवाई बुडून बारा वर्षं झाली होती. देश कसा घेतला जातो याची रीत दोन्हीकडे फारशी वेगळी नव्हती.

तुर्की अंमल कोसळला, पण त्याच्या जागी कुणीच नव्हतं. पश्चिमेतल्या टोळ्या सिदी मुहियुद्दीन यांच्याकडे गेल्या आणि नेतृत्व करा म्हणाल्या. त्यांनी वयाचं कारण देऊन नकार दिला आणि मुलाचं नाव पुढे केलं. नोव्हेंबर १८३२ मध्ये मस्कऱ्याजवळ घ्रीसच्या मैदानात, एका मोठ्या झाडाखाली, टोळ्यांच्या सरदारांनी आणि उलेमांनी अब्दुल कादिर यांच्या हातावर बैअत केली. वय वर्षं २४. त्यांनी सुलतान हा किताब घेतला नाही, अमीर म्हणवून घेतलं. पुढच्याच वर्षी वालिदांचं निधन झालं.

आता या चोवीस वर्षांच्या पोराकडे होतं तरी काय? नियमित सैन्य नाही, तोफा नाहीत, तिजोरी रिकामी. टोळ्या होत्या, पण त्या एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. काही टोळ्या तर तुर्कांच्या काळात करवसुलीचं काम करायच्या आणि स्वतः कर भरायच्या नाहीत. अमीरांनी हा भेद मोडला. सगळ्यांना सारखाच कर, म्हणजे जकात आणि उश्र, आणि लढाई असेल तर त्यासाठीची वेगळी पट्टी. ज्यांची मक्तेदारी गेली ते साहजिकच चिडले. त्यातल्या दोन मोठ्या टोळ्या, दुवाइर आणि जमेला, फ्रेंचांना जाऊन मिळाल्या. हे दुखणं शेवटपर्यंत राहिलं. परका शत्रू समोरून येतो, त्याच्याशी लढता येतं. घरातलं भांडण मात्र त्यांना कधीच पूर्ण मिटवता आलं नाही.

तरीही फेब्रुवारी १८३४ मध्ये ओरानचा फ्रेंच जनरल देमिशेल तहावर आला. या तहाची एक गंमत आहे, आणि ती पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ आहे. तहाचा फ्रेंच मजकूर एक आणि अरबी मजकूर वेगळा. अरबीत अमीरांना व्यापाराचे मोठे हक्क होते, आणि तो भाग जनरलने आपल्या सरकारला नीट कळवलाच नव्हता. बाहेर आलं तेव्हा पॅरिसमध्ये गोंधळ उडाला आणि देमिशेलला परत बोलावलं गेलं. त्याच्या जागी आलेल्या त्रेझेलने लढाई काढली. २८ जून १८३५ रोजी मक्ताच्या दलदलीत अमीरांच्या घोडेस्वारांनी त्याच्या फौजेचा असा धुव्वा उडवला की युरोपभर या तरुण अमीराचं नाव झालं.

त्याचा सूड म्हणून फ्रेंचांनी वर्षअखेर मस्करा जाळलं. पुढच्या वर्षी, १८३६ च्या जुलैत, सिक्काक नदीकाठी ब्यूजो नावाच्या जनरलने अमीरांचा मोठा पराभव केला. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावं. हाच ब्यूजो ३० मे १८३७ रोजी तफनाच्या तहावर सही करतो. या तहाने अल्जीरियाचा सुमारे दोन तृतीयांश मुलूख अमीरांच्या अंमलाखाली आहे हे फ्रान्सने मान्य केलं. आणि पुन्हा तेच! पूर्वेकडची हद्द कुठवर, याबद्दल फ्रेंच आणि अरबी मजकुराचा अर्थ वेगवेगळा निघत होता.

मधली दोन वर्षं मिळाली तेवढ्यात अमीरांनी खरोखरच एक राज्य उभं केलं. आठ प्रांत, प्रत्येकावर खलीफा, गावोगाव काजी. ताग्दमत इथे नवी राजधानी, स्वतःची टांकसाळ, बंदुकांचा आणि बारुदाचा कारखाना. त्यासाठी युरोपीय कारागीर पगारावर आणले. नियमित पायदळ, त्यांना गणवेश, पगार, जखमींसाठी हकीम. दारू आणि जुगार बंद. स्वतः अमीर साध्या लोकरी बुरनुसात आणि तंबूत राहात. गावोगावच्या मदरशांना त्यांनी मदत चालू ठेवली आणि जुनी हस्तलिखितं गोळा केली. सैनिकाने लुटीत सापडलेलं पुस्तक जपून आणून दिलं तर त्याला इनाम आणि फाडलं तर सजा, अशी त्यांची रीत सांगितली जाते.

इथे एक गोष्ट लपवण्यात अर्थ नाही. १८३८ मध्ये याच अमीरांनी आईन माझी या वाळवंटातल्या तटबंदीच्या गावाला कित्येक महिने वेढा घातला. तिथे तिजानी सिलसिल्याचे पीर होते आणि त्यांना अमीरांचा अंमल मान्य नव्हता. शेवटी गाव पडलं, पण सैन्याचा अख्खा हंगाम एका मुस्लिम खानकाहशी लढण्यात गेला. पूर्वेला कॉन्स्टंटाइनचा अहमद बे फ्रेंचांशी वेगळाच लढत होता. त्याची आणि अमीरांची एकजूट कधी झालीच नाही. १८३७ च्या ऑक्टोबरात कॉन्स्टंटाइन पडलं तेव्हा अमीर तहात बांधलेले होते. आमच्या मते त्यांच्या राजकारणातली सर्वांत कमजोर बाजू हीच.

ऑक्टोबर १८३९ मध्ये फ्रेंच फौज राजपुत्राला बरोबर घेऊन, अमीर ज्याला आपली हद्द समजत त्या मुलुखातून, लोखंडी दरवाजा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खिंडीतून आरपार गेली. तह मोडला. अमीरांनी रीतसर निरोप पाठवून लढाई जाहीर केली.

आणि मग ब्यूजो परत आला, या वेळी गव्हर्नर जनरल होऊन. त्याने ओळखलं होतं की अमीरांच्या घोडेस्वारांना मैदानात गाठणं अवघड आहे. म्हणून त्याने घोडेस्वार सोडले आणि लोकांवर हात टाकला. उभी पिकं जाळायची, धान्याची पेवं फोडायची, झाडं तोडायची, गुरं-मेंढ्या हाकून न्यायच्या, बायका-मुलांना ओलीस धरायचं. सैन्य वाढत वाढत एक लाखावर गेलं. १८४५ च्या जूनमध्ये दहरा डोंगरात उलाद रियाह टोळीची माणसं गुहेत लपली होती. कर्नल पेलिसिएने गुहेच्या तोंडाशी आग पेटवली. बायका, मुलं, म्हातारे, जनावरं, शेकडोंच्या संख्येने सगळे धुराने गुदमरून मेले. पॅरिसच्या सभागृहातही यावर आरडाओरडा झाला. दोन महिन्यांनी सँ-आर्नो नावाच्या दुसऱ्या अधिकाऱ्याने अशीच एक गुहा माणसांसकट बुजवून टाकली. हे दोघेही पुढे मार्शल झाले.

याच्या समोर अमीरांचं वागणं ठेवून बघा. टोळ्यांच्या लढाईत शत्रूची मुंडकी आणून इनाम घ्यायची जुनी चाल होती. अमीरांनी ती बंद केली. जिवंत कैदी आणणाऱ्याला इनाम, कैद्याला मारणाऱ्याला सजा. कैद्यांना सैनिकांसारखंच खाणं. स्त्री कैदी असल्या तर त्यांची देखभाल लल्ला जोहरा स्वतः करत. १८४१ मध्ये अल्जीयर्सचे बिशप द्युपुश यांनी एका कैद्याच्या सुटकेसाठी अमीरांना पत्र पाठवलं. अमीरांनी उलट त्यांचीच कानउघाडणी केली की एकाचीच सुटका का मागता, सगळ्यांची का नाही, आणि फ्रेंचांच्या तुरुंगातल्या मुस्लिम कैद्यांचं काय? त्यातून दोन्हीकडच्या कैद्यांची मोठी अदलाबदल झाली. बिशप आणि अमीर यांची दोस्ती तिथून सुरू झाली. युद्धकैद्यांबद्दलचे जिनिव्हाचे करार अजून कितीतरी दूर होते. अमीरांकडे कुराण होतं, फिक्ह होती, तेवढं त्यांना पुरत होतं.

शहरं एकामागून एक गेल्यावर अमीरांनी राजधानीच चालती केली. तिला जमाला म्हणत. तंबूंच्या वर्तुळात वर्तुळ असं हे फिरतं शहर होतं. बाजार, लोहार, मदरसा, कुतुबखाना, कुटुंबं, सगळं धरून तिथे तीस हजारांच्या आसपास माणसं असावीत, काहींचा अंदाज त्याहून मोठा आहे. १६ मे १८४३ रोजी अमीर बाहेर असताना ओमालच्या ड्यूकने, म्हणजे फ्रेंच बादशहाच्या मुलाने, ताग्विनच्या पाणवठ्यावर ती गाठली. तीनेक हजार माणसं पकडली गेली, इतक्या वर्षांत जमवलेली पुस्तकं नष्ट झाली. या दिवसाचं वीसेक मीटर लांबीचं चित्र व्हर्सायच्या राजवाड्यात आहे. घाबरलेल्या बायका आणि कोसळलेले तंबू फ्रेंचांनी त्यात मोठ्या हौसेने रंगवून घेतले.

अमीर मोरोक्कोत गेले. तिथल्या सुलतानाने आधी मदत केली. पण ऑगस्ट १८४४ मध्ये इस्लीच्या लढाईत मोरोक्कोची फौज एका सकाळीत उधळली गेली, बंदरांवर तोफा डागल्या गेल्या, आणि सुलतानाने तहात अमीरांना बंडखोर ठरवलं. तरीही १८४५ च्या सप्टेंबरात सिदी ब्राहिमजवळ अमीरांनी फ्रेंचांची एक तुकडी पुरती बुडवली आणि पुन्हा सगळा मुलूख पेटला. पण ती शेवटची पेट होती.

त्याच लढाईतल्या कैद्यांची गोष्ट इथे सांगायलाच हवी. एप्रिल १८४६ मध्ये अमीर दूर वाळवंटात होते. छावणीत अन्न संपत आलं होतं, मोरोक्कोचे लोक कैदी पळवून नेतील अशी भीती होती. छावणी सांभाळणाऱ्यांनी अधिकारी आणि थोडे लोक वगळता बाकी फ्रेंच कैद्यांना ठार केलं. हुकूम कुणी दिला यावर तेव्हापासून वाद आहे. बहुतेक बोटं त्यांचे मेहुणे मुस्तफा बिन थामी यांच्याकडे जातात. अमीरांनी आयुष्यभर जे जपलं त्यावरचा हा डाग आहे, आणि तो त्यांच्या नावावर पडला, कारण छावणी त्यांची होती. त्यांची बाजू घेणारे आम्ही असलो तरी हे पान फाडून टाकता येत नाही.

डिसेंबर १८४७. मागे मोरोक्कोच्या सुलतानाची फौज, पुढे फ्रेंच, मध्ये मुलुया नदी आणि पाऊस. लढत लढत अमीरांनी बायका, मुलं, जखमी यांना नदीपार केलं. थोडे घोडेस्वार घेऊन स्वतः वाळवंटात निसटणं त्यांना अजूनही शक्य होतं. पण मग मागे राहिलेल्यांचं काय झालं असतं हे दहरानंतर सांगायला नको होतं. साथीदारांचा मशविरा झाला. एवढ्या पावसात पत्र लिहिणं अशक्य, म्हणून अमीरांनी कोऱ्या कागदावर फक्त आपला शिक्का उठवून जनरल लामोरिसिएरकडे पाठवला. लामोरिसिएरकडेही तेव्हा कागद-शिक्का नव्हता, त्याने विश्वासाची खूण म्हणून आपली तलवार पाठवली. अट एकच होती. अमीर आणि त्यांच्या माणसांना अलेक्झांड्रिया किंवा अक्का इथे, मुस्लिम मुलुखात जाऊ द्यायचं. लामोरिसिएरने वचन दिलं. राजपुत्राने, म्हणजे त्याच ओमालच्या ड्यूकने, ते मंजूर केलं. २३ डिसेंबरला अमीरांनी आपला घोडा त्याच्या हवाली केला.

जहाज अक्क्याला गेलं नाही, ते तुलोनला गेलं.

शंभरेक माणसं, त्यात म्हाताऱ्या लल्ला जोहरा आणि तान्ही मुलं, किल्ल्यात कोंडली गेली. दोन महिन्यांत फ्रान्समध्ये क्रांती होऊन बादशहाच पळाला. नवं सरकार म्हणालं, जुन्या सरकारचं वचन आमच्यावर बंधनकारक नाही. अमीरांना सांगण्यात आलं की पूर्वेला जायचा हट्ट सोडा, फ्रान्समध्येच मोठी जमीन-जायदाद देतो. त्यांनी साफ नकार दिला. दिलेला शब्द पाळा, एवढंच ते म्हणत राहिले. तुलोनहून पो आणि तिथून १८४८ च्या नोव्हेंबरात अँब्वाझच्या किल्ल्यात. लुआर नदीकाठची ती थंडी आणि ओल वाळवंटातल्या माणसांना सोसली नाही. एकेक करून माणसं जाऊ लागली. अमीरांच्या घरातलीही गेली. एकूण पंचवीस जणांच्या कबरी त्या बागेत झाल्या.

कैदेत ते पाचही नमाजा जमाअतीने पढत, मुलांना शिकवत, भेटायला येणाऱ्यांशी तासन्‌तास बोलत. कुणी तरी इस्लाममध्ये दगा जायज आहे असं म्हटल्याचं त्यांच्या कानावर आलं, तेव्हा त्याला उत्तर म्हणून त्यांनी एक पूर्ण किताब लिहिला. वचन मोडून ज्यांनी डांबलं त्यांच्याच कैदेत बसून वचन पाळण्याबद्दल लिहायचं! बिशप द्युपुश भेटायला आले आणि त्यांच्या सुटकेसाठी त्यांनी पुस्तक छापलं. हळूहळू फ्रान्समध्येच त्यांच्या बाजूने आवाज उठू लागला. अखेर १६ ऑक्टोबर १८५२ रोजी लुई नेपोलियन स्वतः अँब्वाझला आला आणि सुटकेची बातमी त्याने दिली. अमीरांनी अल्जीरियात परत जाणार नाही असं लिहून दिलं.

तो शब्द त्यांनी पाळला. यावरूनच त्यांच्यावर सगळ्यात जास्त टीका होते. १८५७ मध्ये, म्हणजे आपल्याकडे बंड पेटलं त्याच वर्षी, कबाइल डोंगरात लल्ला फातिमा न्सूमर लढता लढता पकडल्या गेल्या. १८७१ मध्ये मोकरानींचं मोठं बंड झालं. अमीरांचा एक मुलगा मुहियुद्दीन त्यात सामील व्हायला निघून गेला. अमीरांनी मुलाला जाहीरपणे नाकारलं. फ्रेंचांकडून त्यांना वर्षाला एक लाख फ्रँक मिळत होते, हेही खरं. यात पैशाचा हिशेब होता की शब्दाचा, हे ज्याने त्याने ठरवावं. आम्ही एवढंच बघतो की ज्या माणसाने शब्द मोडणाऱ्यांच्या कैदेत पाच वर्षं काढली, त्याला स्वतःचा शब्द मोडणं जड गेलं असणार. पण त्या मुलाच्या जागी उभं राहून बघितलं तर वडिलांचा निर्णय कडूच लागतो.

सुटकेनंतर बुर्सा, तिथे १८५५ चा भूकंप, आणि मग दमास्कस. तिथे त्यांच्यामागोमाग हजारो अल्जीरियन मुहाजिर येऊन राहिले. अमीर उमवी मशिदीत दर्स देऊ लागले. हजरत इब्न अरबी यांच्या लेखनात त्यांचं मन रमलं होतं.

१८६० च्या उन्हाळ्यात लेबनॉनच्या डोंगरात द्रूज आणि मारोनी ख्रिश्चन यांच्यात कत्तली सुरू झाल्या आणि त्याची धग दमास्कसला पोहोचली. कारणं धर्माची कमी आणि इतर जास्त होती. उस्मानी सल्तनतीने दिलेले नवे समान हक्क, लष्कर-माफीच्या कराचा वाद, युरोपच्या व्यापारामुळे बसलेले कारागीर, वकिलातींचं राजकारण. अमीरांना कुणकुण लागली होती. त्यांनी गव्हर्नर अहमद पाशाकडे वारंवार जाऊन इशारा दिला. त्याने वेळ मारून नेली. ९ जुलैला दंगल भडकली, ख्रिश्चन मोहल्ला पेटला.

अमीर आपल्या अल्जीरियन साथीदारांना घेऊन त्या गल्ल्यांत शिरले. हजारेक माणसं होती, बहुतेक जुने लढवय्ये. घराघरातून लोकांना बाहेर काढून ते आपल्या हवेलीत आणू लागले. परदेशी वकील, मदरशातल्या नन आणि त्यांची अनाथ मुलं, दुकानदार, त्यांची कुटुंबं. हवेली भरली तेव्हा टोळ्या टोळ्यांनी बंदोबस्तात किल्ल्यात पोहोचवलं. मग जाहीर केलं की जो कुणी ख्रिश्चनाला जिवंत माझ्या दारात आणील त्याला रोख रक्कम देईन. पैशांची पिशवी घेऊन ते दारातच बसले, रात्री तिथेच चटईवर आडवे होत. एकदा जमाव थेट दाराशी आला आणि आतल्यांना आमच्या स्वाधीन करा म्हणाला. अमीर एकटे पुढे झाले, त्यांना दीनच्या नावाने लाज वाटू दिली, आणि माझा एक सैनिक जिवंत असेपर्यंत आतला एकही माणूस मिळणार नाही असं बजावलं. जमाव मागे हटला.

किती जीव वाचले? दहा-बारा हजारांचा आकडा नेहमी दिला जातो. नेमकी मोजणी त्या धुमश्चक्रीत कोण करणार होतं? पण हजारो वाचले यात कुणाला शंका नाही. मिदान मोहल्ल्यातल्या मुस्लिमांनीही आपल्या शेजाऱ्यांना वाचवलं, त्यांची आठवण सहसा कुणी काढत नाही म्हणून इथे नोंदवतो. गव्हर्नर अहमद पाशाला नंतर उस्मानी सरकारनेच गोळ्या घातल्या.

लगेच मानसन्मानांची रांग लागली. फ्रान्सचं सर्वोच्च पदक, रशियाचं, पोपचं, उस्मानी सुलतानाचं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी पिस्तुलांची जोडी पाठवली. पण आमच्या मनाला भिडतं ते एक पत्र. रशियाविरुद्ध पंचवीस वर्षं लढून कैदेत पडलेले कॉकेशसचे इमाम शमील यांनी कैदेतूनच अमीरांना लिहून त्यांचं अभिनंदन केलं. काही मुस्लिम अशा अत्याचाराला इस्लाम समजतात याचं त्यांनाही दुःख होतं. दोन हरलेल्या मुजाहिदांमधला हा पत्रव्यवहार. अमीरांनी जे उत्तर सगळ्यांना दिलं त्याचा मतलब एवढाच होता की शरीयतने आणि माणुसकीने जे फर्ज केलं तेच मी केलं, त्यात शाबासकी कसली?

फ्रान्समध्ये काहींना आता त्यांना शामचा बादशहा करायचं होतं. त्यांनी त्यात रस दाखवला नाही. १८६३ मध्ये ते पुन्हा हजला गेले आणि वर्षभराहून जास्त मक्का-मदिनेत इबादतीत राहिले. इब्न अरबींच्या फुतूहातची छापील प्रत शुद्ध व्हावी म्हणून त्यांनी दोन आलिमांना कोन्याला पाठवून मूळ हस्तलिखिताशी पडताळणी करून घेतली. ज्याच्या कुतुबखान्याची एका दिवसात धूळधाण झाली होती, त्याने हे करावं याचं आम्हाला विशेष वाटतं. त्यांच्या दर्समधून किताब अल-मवाकिफ तयार झाला. २६ मे १८८३ रोजी दमास्कसमध्ये त्यांचा इंतकाल झाला आणि सालिहिया भागात इब्न अरबींच्या शेजारीच त्यांना दफन केलं.

पुढे त्यांच्या नावाची ओढाताण झाली. फ्रेंच त्यांना फ्रान्सचा दोस्त म्हणून मिरवू लागले. १९४९ मध्ये तर वसाहती सरकारनेच त्यांच्या गावाजवळ त्यांचं स्मारक उभारलं. दुसरीकडे त्यांचे नातू अमीर खालिद, जे फ्रेंच सैन्यात कॅप्टन होते, त्यांनी पहिल्या महायुद्धानंतर अल्जीरियन मुस्लिमांच्या हक्कांची मागणी उचलली आणि त्यांना देश सोडावा लागला. १९५४ मध्ये मुक्तियुद्ध सुरू झालं. ५ जुलै १९६२ रोजी, अल्जीयर्स पडल्याच्या बरोबर १३२ वर्षांनी, देश स्वतंत्र झाला. १९६६ च्या जुलैत त्यांच्या अस्थी दमास्कसहून अल्जीयर्सला आणून अल-आलिया कब्रस्तानात दफन करण्यात आल्या. इब्न अरबींचा शेजार सुटला. कधीच परतणार नाही हा शब्द त्यांनी जिवंतपणी पाळला होता.

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १८४६ साली वसलेलं एल्केडर नावाचं एक छोटं गाव आहे. अमीर अजून लढत होते तेव्हा तिथल्या लोकांनी त्यांच्या नावावरून गावाचं नाव ठेवलं.

अँब्वाझमध्ये २०२२ च्या फेब्रुवारीत त्यांचं लोखंडी पत्र्यातलं शिल्प बसवलं, तर उद्घाटनाच्या आदल्या रात्री कुणी तरी ते कापून वाकवून ठेवलं. उद्घाटन ठरल्याप्रमाणे तशाच मोडक्या शिल्पाचं झालं. किल्ल्याच्या बागेत त्या पंचवीस जणांच्या जागी २००५ मध्ये एका अल्जीरियन कलाकाराने पंचवीस दगड उभे केले आहेत. प्रत्येकावर कुराणातली आयत कोरलेली आहे.